आवाजाचा रिमोट कुणाच्या हाती?

ताण कमी करण्यासाठी कोणते संगीत ऐकावे, झोप येत नसेल तर कोणता राग लावावा, अभ्यासाला बसताना मागे काय सुरू असावे, असे प्रश्न आरोग्याच्या गप्पांमध्ये हल्ली हमखास निघतात. उत्तरेही तयार असतात. मोबाइलवर आठ-आठ तास चालणारा पावसाचा आवाज मिळतो, ध्यानासाठीची बासरी मिळते, ‘मेंदूला चालना देणारे’ संगीतही मिळते. काय ऐकावे याची चर्चा भरपूर होते. पण तो आवाज लावला कुणी आणि तो बंद करण्याची सोय कुणाकडे आहे, हे फारसे कुणी विचारत नाही. मनःस्वास्थ्याच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच, किंबहुना काही वेळा त्याहून अधिक महत्त्वाचा आहे, असे मला वाटते.

साधे उदाहरण घेऊ. सकाळी पोळ्या लाटताना आपण आवडते गाणे लावतो. हात भराभर चालतात, कामाचा कंटाळा येत नाही. तेच गाणे, त्याच गायिकेच्या आवाजात, रात्री साडेअकराला समोरच्या मंडपातून येऊ लागले की डोके ठणकू लागते. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठायचे असेल तर चिडचिड आणखी वाढते. गाणे तेच आहे. सकाळी ते आपण ऐकत होतो, रात्री ते आपल्याला ऐकवले जात आहे, एवढाच काय तो फरक. या फरकाचा शरीरावर आणि मनावर किती परिणाम होतो, याचा अभ्यास गेली पन्नासहून अधिक वर्षे सुरू आहे.

न दाबलेले बटण

अमेरिकेतील डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगांची मालिका या विषयात नेहमी सांगितली जाते. १९७२ मध्ये ‘अर्बन स्ट्रेस’ या पुस्तकात त्यांनी ती मांडली. शहरातला गोंगाट प्रयोगशाळेत आणायचा म्हणून त्यांनी परक्या भाषांतील बोलणे, टाइपरायटरची खडखड, हिशेबाच्या यंत्राचा आवाज असे सगळे एकत्र मिसळले आणि स्वयंसेवकांना ते मोठ्या आवाजात, थांबून थांबून ऐकवले. त्याच वेळी त्यांना काही कामे करायला दिली होती.

पहिली गंमत अशी, की लोक गोंगाटाला लवकर सरावले. सुरुवातीला दचकले, पण थोड्या वेळाने कामे जवळजवळ नेहमीसारखी करू लागले. खरा परिणाम दिसला तो गोंगाट थांबल्यानंतर. शांत खोलीत त्यांना काही कोडी सोडवायला दिली, मजकुरातल्या चुका शोधायला सांगितल्या. काही कोडी मुळात सुटणारी नव्हतीच; माणूस किती वेळ चिकाटी धरतो ते पाहायचे होते. ज्यांच्यावर आवाज अनियमितपणे, केव्हाही येऊन आदळला होता, त्यांनी लवकर हात टेकले आणि चुकाही अधिक केल्या.

दुसऱ्या एका गटाला तेवढाच गोंगाट ऐकवला, पण त्यांच्यासमोर एक बटण ठेवले. ‘अगदीच सहन झाले नाही तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका,’ असे त्यांना सांगितले. बहुतेकांनी ते बटण दाबले नाही. म्हणजे कानावर पडलेला आवाज दोन्ही गटांत सारखाच होता. तरीही बटण असलेल्या गटाने नंतरच्या कोड्यांवर कितीतरी अधिक वेळा प्रयत्न केला आणि चुकाही कमी केल्या. ‘मला हवे तर हे थांबवता येईल’ एवढा दिलासाही त्यांना पुरला.

आपल्या रोजच्या जगण्यात किती आवाजांना असे बटण आहे, याचा विचार करून पाहावा. शेजारच्या इमारतीतले ड्रिलिंग, सिग्नलवरचे हॉर्न, बसमध्ये शेजारी बसलेल्याच्या मोबाइलवर एकामागोमाग एक सुरू असलेले रील्स, लग्नाच्या वरातीतले बेस. यातले काहीही केव्हा सुरू होईल आणि केव्हा संपेल, हे आपल्याला माहीत नसते. सांगायला जावे तर भांडण होण्याची धास्ती.

‘सवय झाली आहे’ म्हणजे काय?

रेल्वेमार्गालगत किंवा महामार्गाच्या कडेला राहणारी माणसे सांगतात, ‘आम्हाला आता ऐकूच येत नाही.’ त्यात तथ्य आहे. गाडी गेली म्हणून ती दर वेळी जागी होत नाहीत. पण झोपेतही कान बंद होत नाहीत. आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो आणि धोका ओळखणाऱ्या यंत्रणेला हलवतो. अॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल यांसारखी संप्रेरके पाझरतात, हृदयाचे ठोके क्षणभर वाढतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, गाढ झोप उथळ होते. झोपेच्या अभ्यासांत असे दिसले आहे, की जाग येणे सवयीने कमी होते. हृदयाची प्रतिक्रिया मात्र तितकीशी कमी होत नाही. सकाळी उठल्यावर माणसाला रात्रीचे काही आठवत नाही. अंग जड असते, एवढेच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये पश्चिम युरोपातील देशांचा हिशेब मांडला होता. वाहतुकीच्या गोंगाटामुळे तिथे दरवर्षी किमान १० लाख निरोगी आयुष्यवर्षे वाया जातात, असा तो अंदाज होता. त्यात सर्वांत मोठा वाटा झोपमोडीचा आणि त्याखालोखाल त्रासलेपणाचा होता. कानांचे नुकसान हा गोंगाटाचा परिचित परिणाम, पण झोप, मनःस्थिती आणि हृदय यांचीही किंमत त्यात मोजावी लागते.

लहान मुलांच्या बाबतीत ही किंमत परीक्षेच्या गुणांत दिसते. न्यूयॉर्कमधील एका शाळेच्या इमारतीजवळून उन्नत मार्गावरची रेल्वे जात असे. मानसशास्त्रज्ञ आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी तिथल्या मुलांचे वाचन तपासले आणि १९७५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुले इमारतीच्या शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे होती. वरच्या इयत्तेत हे अंतर जवळपास एका शैक्षणिक वर्षाइतके होते. पुढे रुळांखाली रबराचे थर बसवले गेले, वर्गांच्या छताला आवाज शोषणारे आच्छादन लावले गेले. १९८१ मध्ये पुन्हा पाहिले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या मुलांमधला फरक उरला नव्हता. मुले किंवा शिक्षक सुधारावे लागले नाहीत. आवाज कमी करणे पुरेसे ठरले.

संगीताचा खरा उपयोग

संगीताने बरे वाटते, हा अनुभव सार्वत्रिक आहे आणि त्यामागचे शरीरशास्त्रही आता बरेच कळले आहे. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे व्हॅलोरी सलिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले, की अंगावर शहारा आणणारे संगीत ऐकताना मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवते. आवडती जागा येण्यापूर्वी, ती येणार या अपेक्षेने एका भागात, आणि ती प्रत्यक्ष आल्यावर दुसऱ्या भागात. समेवर येण्याआधीची उत्कंठा आणि सम गाठल्यावर उमटणारी दाद, हे रसिकांना नवे नाही. या प्रयोगात प्रत्येकाने आपल्याला भावणारे संगीत स्वतः आणले होते, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

फिनलंडमध्ये टेपो सार्कामो आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताचा झटका आलेल्या ६० रुग्णांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने रोज स्वतःच्या पसंतीचे संगीत ऐकले, दुसऱ्याने ध्वनिमुद्रित पुस्तके, तिसऱ्या गटाला यातले काही दिले नव्हते. नेहमीचे उपचार सगळ्यांना होतेच. काही महिन्यांनी संगीत ऐकणाऱ्या गटाची शब्दांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता अधिक सुधारलेली दिसली; खिन्नताही कमी होती. २०१५ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरील ७३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यातही संगीतामुळे वेदना, चिंता आणि वेदनाशामकांची गरज कमी झाल्याचे दिसले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या आढाव्यात संगीत रुग्णाने निवडले की इतरांनी, यामुळे फार मोठा फरक पडलेला नव्हता. पूर्ण भूल दिलेल्या रुग्णांनाही फायदा झाला होता. म्हणजे निवड हीच एकमेव किल्ली आहे, असे म्हणता येत नाही. पण तिथे संगीत रुग्णासाठी, त्याच्या संमतीने आणि ठरावीक वेळ लावलेले होते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा मोबाइल आणि हे संगीत यांची तुलना होऊ शकत नाही.

शरीर केवळ आवडीनिवडीवर चालत नाही, याचा आणखी एक पुरावा इटलीतील लुचियानो बर्नार्डी यांच्या २००६ मधील अभ्यासात आहे. त्यांनी २४ जणांना सहा प्रकारचे संगीत ऐकवले. त्यात पाश्चात्त्य अभिजात संगीत होते, रॅप होते, टेक्नो होते आणि आपल्याकडचा संथ रागही होता. लय जलद असली की श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढत होते. संगीत आवडते आहे की नाही, याला त्यात फारसे महत्त्व नव्हते. अभ्यासकांनी मध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. त्या दोन मिनिटांत नाडी आणि रक्तदाब संगीत सुरू होण्यापूर्वीच्या पातळीपेक्षाही खाली आले. सर्वांत जास्त विश्रांती शरीराला मिळाली ती संगीत थांबल्यावर.

म्हणूनच दिवसभर मागे काहीतरी वाजत ठेवण्याच्या सवयीकडे थोडे संशयाने पाहावे, असे मला वाटते. गाणे ऐकावे, मन लावून ऐकावे आणि मग बंद करावे. अखंड वाजणाऱ्या संगीताकडे काही वेळाने आपले लक्ष राहत नाही. मग ते इतर आवाजांत मिसळलेला आणखी एक आवाज होते.

अतिशयोक्तीचा बाजार

संगीताच्या नावावर जे दावे खपवले जातात, त्यांबद्दलही बोलले पाहिजे. १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटा अभ्यास आला. मोझार्टची रचना दहा मिनिटे ऐकल्यावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची आकृत्यांची कोडी सोडवण्याची क्षमता थोडी वाढली आणि तो परिणाम १० ते १५ मिनिटांत ओसरला, एवढाच त्याचा निष्कर्ष होता. त्यातून ‘मोझार्ट ऐकल्याने बाळ हुशार होते’ अशी समजूत पसरली. १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीताची ध्वनिफीत किंवा सीडी देण्यासाठी सरकारी निधीचा प्रस्ताव मांडला. नंतरच्या अभ्यासांनी दाखवले, की उत्साही संगीताने मन प्रसन्न आणि ताजेतवाने होते आणि त्यामुळे थोडा वेळ काम बरे होते. मोझार्टचे वेगळे काही नाही.

आपल्याकडे हीच गोष्ट ‘अमुक रागाने मधुमेह बरा होतो’ किंवा ‘अमुक वारंवारतेचे संगीत पेशी दुरुस्त करते’ अशा रूपात फिरते. राग आणि प्रहर यांचे नाते ही आपल्या संगीताची समृद्ध परंपरा आहे; तिचा आनंद घ्यायला औषधाच्या लेबलाची गरज नाही. पण रक्तदाबाची गोळी बंद करून राग ऐकणे धोक्याचे आहे. संगीत हे उपचारांच्या सोबतीने चालते, त्यांच्या जागी नाही.

अभ्यासाच्या वेळच्या गाण्यांचेही तसेच. ‘मला गाणी लावल्याशिवाय अभ्यासच होत नाही,’ असे दहावी-बारावीची मुले सांगतात. कंटाळवाणे काम असेल, गणिताची तीच ती उदाहरणे सोडवायची असतील, तर गाणी चालून जातात. पण वाचायचे, पाठ करायचे असेल तेव्हा शब्द असलेली गाणी आड येतात. मेंदूत वाचलेले शब्द ज्या जागेत काही क्षण धरून ठेवले जातात, तिथेच कानावर पडणारे शब्दही घुसतात. ब्रिटनमधील २०११ च्या एका अभ्यासात क्रमाने लक्षात ठेवण्याच्या कामात आवडत्या आणि नावडत्या गाण्यांनी सारखाच अडथळा आणला. शांतता सर्वांत बरी ठरली. मूड सुधारण्यासाठी अभ्यासाआधी गाणे ऐकावे आणि पुस्तक उघडल्यावर ते थांबवावे, हा त्यातला व्यवहार्य मार्ग.

मुलाने स्वतःची गाणी बंद केली, तरी बाहेरच्या खोलीतल्या मालिकेचे संवाद त्याच्या कानावर पडतच असतात. बोलणे हा मेंदूला दुर्लक्ष करायला सर्वांत अवघड असा आवाज आहे. पंख्याची घरघर मागे पडते, भांडणाचा संवाद पडत नाही.

घरातला रिमोट

आपल्या बहुतेक घरांत भिंती पातळ आणि खोल्या दोन किंवा तीन असतात. तिथे आवाजाचा प्रश्न हा अधिकाराचा प्रश्न होतो. टीव्ही कधी लावायचा, किती मोठा ठेवायचा, हे कोण ठरवते? बऱ्याच घरांत ते ठरवणारी व्यक्ती ठरलेली असते. रात्रपाळी करून सकाळी झोपणारा मुलगा, घरून काम करणारी सून, परीक्षेची तयारी करणारी मुलगी, अर्धशिशीने डोके धरून बसलेली आई यांनी ‘जरा आवाज कमी कराल का?’ असे म्हटले की ते सहन न होणाऱ्या माणसाचे चोचले ठरतात.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दिवसभर एकट्या असणाऱ्या आजींना रेडिओ किंवा टीव्ही ही सोबत असते. बातम्या त्या ऐकतच असतात असे नाही, घरात माणसाचा आवाज असावा एवढीच त्यांची अपेक्षा असते. तो बंद करायला सांगण्यापूर्वी त्या एकटेपणाचे आपण काय करणार आहोत, याचे उत्तर आपल्यापाशी हवे. टीव्हीचा आवाज दिवसेंदिवस वाढत चालला असेल, तर बहुधा ऐकू कमी येत आहे. अशा वेळी चिडण्यापेक्षा श्रवणचाचणी करून घ्यावी. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला तिच्या तरुणपणातली गाणी ऐकवली तर अनेकदा चेहरा उजळतो. पण दर वेळी उजळतोच असे नाही. तिला बोलून सांगता येत नसेल, तर कपाळावर आठी पडली, हात चाळवले, तोंड फिरवले, हेच तिचे ‘बंद करा’ समजावे.

कानात हेडफोन घालणे हा तोडगा सोपा वाटतो आणि बऱ्याचदा उपयोगी पडतोही. लोकलच्या खडखडाटावर मात करण्यासाठी मात्र आपण आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. तीन डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मी होते. एका गोंगाटावर दुसऱ्या गोंगाटाचे पांघरूण घातल्याने कानांची सुटका होत नाही.

जिथे उठून जाता येत नाही

आवाजावर सर्वांत कमी ताबा असतो तो रुग्णालयातल्या रुग्णाचा. त्याला उठून दुसरीकडे जाता येत नाही. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये शुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण आवाजाला दिले होते. अनावश्यक आवाज हा आजारी माणसावरचा निर्दय अन्याय आहे, असे त्यांचे मत होते. रुग्णाच्या खोलीबाहेर कुजबुजत बोलण्यालाही त्यांचा सक्त विरोध होता. कारण अर्धवट ऐकू आलेले बोलणे समजून घेण्यात आजाऱ्याची शक्ती खर्ची पडते. आज ज्याला आपण मेंदूचे लक्ष वेधणारे बोलणे म्हणतो, ते त्यांनी खाटेपाशी उभे राहून ओळखले होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रात्री वॉर्डातला सरासरी आवाज ३० डेसिबल असावा. डेसिबलचे माप नेहमीच्या पट्टीसारखे नसते. १० ने वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट आणि कानाला साधारण दुप्पट मोठा वाटणारा आवाज. नेहमीचे बोलणेच ६० डेसिबलच्या आसपास असते. आपल्या जनरल वॉर्डात रात्री काय असते? ढकलगाड्यांची चाके, मॉनिटरचे अलार्म, दरवाजांची आपटाआपटी, परिचारिकांची हाक, नातेवाइकांचे व्हिडिओ कॉल. यातले अलार्म आवश्यक आहेत. बाकीचे बरेचसे टाळता येण्यासारखे आहे. चाकांना तेल, दारांना रबर, दुपारी आणि रात्री ठरवलेली शांततेची वेळ, फोन सायलेंटवर ठेवण्याचा आग्रह याला फार खर्च येत नाही.

आपल्या माणसाला बरे वाटावे म्हणून नातेवाईक उशाशी स्तोत्र किंवा भजन लावतात. त्यामागची माया मोठी असते. पण पलीकडच्या खाटेवर नुकतीच शस्त्रक्रिया झालेला माणूस दोन दिवसांनी डोळा लागण्याची वाट पाहत असतो. इअरफोन लावून तेच भजन ऐकवता येते. त्याआधी ‘लावू का?’ असे रुग्णाला विचारता येते. इंजेक्शन, तपासण्या, जेवणाची वेळ यांपैकी काहीच रुग्णाच्या हाती नसते. निदान आवाज तरी त्याच्या हाती असावा.

रस्त्यावरचा आनंद आणि तिसऱ्या मजल्यावरची खोली

आता सार्वजनिक आवाजाकडे. कायदा आहे आणि तो पुरेसा स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र असू शकते; तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा असते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई आहे. राज्य सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मधील निकालात, नको असलेला आवाज ऐकण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, हे तत्त्व ठामपणे मांडले आहे.

तरीही दर वर्षी तोच वाद होतो. ‘वर्षातून एकदाच तर असतो,’ हे उत्तर ठरलेले. पण हे ‘एकदा’ सगळ्या सणांचे, लग्नांचे, जयंत्यांचे आणि निवडणुकांच्या विजयाचे मिळून कितीदा होते, हे रस्त्याकडेला राहणाऱ्यांना विचारावे. मिरवणुकीत नाचणाऱ्याचा आनंद खोटा नाही. ढोल-ताशाच्या पथकात उभे राहण्याचे सुख घेतलेल्याला ते वेगळे सांगायला नको. त्या माणसाने तो आवाज निवडला आहे, तो शिगेला कधी पोहोचेल हे त्याला ठाऊक आहे आणि थकल्यावर बाजूला होण्याची मुभाही आहे. तिसऱ्या मजल्यावर बाळाचे कान झाकून बसलेल्या बाळंतिणीला यातले काहीच नसते. एकाच रस्त्यावर, एकाच वेळी, एकाच आवाजाने एकाला उत्साह येतो आणि दुसऱ्याची छाती धडधडते. म्हणून ‘आम्हाला तर काही त्रास होत नाही’ या म्हणण्याला पुरावा म्हणून काही किंमत नाही. त्रास होतो का, हे आवाज निवडणाऱ्याने सांगायचे नसते.

शांतता ही हळूहळू पैसेवाल्यांची चीज होत चालली आहे, हेही विसरून चालणार नाही. दुहेरी काचांच्या खिडक्या आणि वातानुकूलन परवडणाऱ्याला आवाज बाहेर ठेवता येतो. उकाड्यात खिडकी उघडी ठेवावीच लागते अशा चाळीतल्या आणि वस्तीतल्या माणसाला ती सोय नाही. गोंगाटावरचे नियम पाळले गेले तर सर्वांत जास्त फायदा त्याचाच होणार आहे. ‘शांतता हवी ही उच्चभ्रूंची तक्रार’ हे म्हणणे म्हणूनच उलटे आहे.

उपाय कल्पकही असू शकतात. २०२० च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी एक प्रयोग लोकांसमोर आणला होता. काही सिग्नलना डेसिबल मोजणारी यंत्रे जोडली. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. हॉर्न वाजवण्याने काय मिळते, हे कुणाला समजावून सांगावे लागले नाही. असे प्रयोग चित्रफितीपुरते न राहता कायमचे व्हायला हवेत. आणि तक्रार करणाऱ्याचे नाव मंडळापर्यंत पोहोचणार नाही, याची खात्री पोलीस ठाण्यांनी द्यायला हवी. ती खात्री मिळाली तर न दाबलेल्या बटणाप्रमाणे तिचाही आधार वाटेल.

प्रत्येकाला लगेच करता येण्यासारखेही बरेच आहे. कुठलाही आवाज सुरू करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: हा आणखी कुणाकुणाला ऐकू जाणार आहे? त्यांना तो हवा आहे का? तो केव्हा थांबेल हे त्यांना माहीत आहे का? घरात दुरुस्तीचे काम काढले असेल तर ‘उद्या ११ ते १ ड्रिलिंग चालेल’ अशी चिठ्ठी लिफ्टमध्ये लावावी. वेळ ठाऊक असलेला आवाज कमी त्रास देतो, हे आपण वर पाहिलेच. सोसायट्यांनी दुपारची दोन तासांची शांतता ठरवून घ्यावी. प्रवासात मोबाइल ऐकायचा असेल तर इअरफोन वापरावा. घरात रोज एक तास असा असावा, जेव्हा टीव्ही, रेडिओ, मोबाइल यातले काहीच सुरू नसेल. तो कोणता तास, हे घरातल्या ज्याचे सहसा ऐकले जात नाही त्याला ठरवू द्यावे.